विल्माच्या सत्तरीचं जेवण

रविवार, २९ मार्च

विल्मा सतरा एप्रिलला सत्तर वर्षांची होते. दर दहा वर्षांनी आम्ही दोघी हॅमिल्टनपासून लांब कुठेतरी जातो आणि तिथल्या सगळ्यात चांगल्या टेबलावर दुपारभर बसून जेवतो. जिचा वाढदिवस, तिनं फक्त खायचं आणि नावं ठेवायची. दुसरीनं जागा शोधायची आणि पैसे भरायचे. यंदा शाउट माझा, म्हणजे खर्चही माझा आणि निवडही माझी. नावं ठेवण्यात विल्माचा हात कुणी धरू शकत नाही. ऐन तारुण्यात ती मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांसाठी रांधायची, त्यामुळे शेफ कितीही नावाजलेला असो, तिच्या लेखी तो शिकाऊच.

मी नोव्हेंबरपासून हॉटेलांची कात्रणं जमवतेय. ॲडलेडच्या दक्षिणेला, मॅक्लारेन व्हेलच्या द्राक्षमळ्यांत जायचं नक्की केलं. आज चर्चमधून बाहेर पडताना तिला सांगितलं, तर म्हणते, "झकास! ग्वेनी, या वेळी लोरेटालाही घेऊ या का? गाडी ती चालवेल."

मी म्हटलं, "घे की."

दुसरं काय म्हणणार? ही लोरेटा दोन वर्षांपूर्वी मेलबर्नहून आमच्या गल्लीत राहायला आली. लाल फ्रेमचा चष्मा, केसांचा बॉयकट, आणि सगळ्यांशी अशी बोलते जसं काही इथेच जन्मली. आयत्या बिळावर नागोबा. माझा नवरा वारला तेव्हापासून विल्मा मला गाडीतून सगळीकडे नेते, कारण मी गाडी शिकले नाही. आता म्हणे तिला गाडी चालवायचा कंटाळा येतो! पूर्वी तिच्या गाडीत रेडिओसुद्धा मी लावायची.

सोमवार, ६ एप्रिल

ईस्टरचा सोमवार. दुपारी दोघी माझ्याकडे चहाला आल्या. मी टेबलावर माझ्या तीन निवडी मांडल्या. पहिली, जुन्या चर्चमधली. जाड दगडी भिंती, दिवसाही मेणबत्त्यांच्या उजेडात वाढतात. तिला परीक्षकांनी दोन टोप्या दिल्यात, उत्तम स्वयंपाकाचा मान म्हणून. दुसरी, वाइनच्या तळघरातली. तिसरी टेकडीवरची, समुद्र दिसतो पण तिथली माणसं फोनवर तुसडी बोलली.

मला चर्चच हवं होतं. मी फोटो विल्मासमोर सरकवला. तिनं तो नीट पाहिलासुद्धा नाही, लोरेटाकडे सरकवला. "तू वाच गं, तुझ्या आवाजात बरं वाटतं ऐकायला."

तुझ्या आवाजात! तीस वर्षं हिला नकाशे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मरणाच्या बातम्या कुणी वाचून दाखवल्या?

लोरेटानं वाचलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "आत उजेड कसा आहे? आणि पायऱ्या किती?"

मी म्हटलं, "उजेड? आपण जेवायला जातोय की सुईत दोरा ओवायला?"

विल्मा हसली, पण म्हणाली, "मेणबत्त्या नकोत बाई. ताटात काय पडलंय ते दिसायला नको? काचेच्या भिंती असलेलं काहीतरी बघ ना."

"काचेच्या भिंतींचं एक मला माहीत आहे," लोरेटा लगेच म्हणाली. फोन तयारच होता हातात. 'क्वाँडाँग' का काय नाव, त्या लाल रानफळाचं. दोघींनी आधीच ठरवून आल्यासारखं केलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चहा मी मुद्दाम गार झाल्यावर ओतला.

बुधवार, ८ एप्रिल

दिवसभर फोन केले. काचेच्या भिंती हव्यात ना, मिळतील. पण त्या लोरेटानं सुचवलेल्या नसतील. शेवटी 'वेलबांध' मिळालं. मळ्याच्या मधोमध, तिन्ही बाजूंनी काच, एकही पायरी नाही, आणि टोप्याही दोन. सतरा तारखेला, शुक्रवारी दुपारी बाराला तीन जणींसाठी टेबल घेतलं. 'तीन' म्हणताना जीभ अडली.

विल्माला फोन केला. खूश झाली. मागून लोरेटाचा आवाज आला, "ग्वेननं फार छान शोधलं!" ही सकाळी नऊपासून तिच्याच घरी असते की काय?

शुक्रवार, १० एप्रिल

दोघी आज पुन्हा बॅलरॅटला गेल्या. दर महिन्याला जातात, खरेदीला म्हणे. मी पडद्याआडून पाहिलं. संध्याकाळी परत आल्या तर हातात एकही पिशवी नाही. विल्माच्या डोळ्यांवर काळा चष्मा, ढगाळ हवेत! लोरेटाच्या दंडाला धरून फाटकातून आत गेली. सिनेमातल्या नट्या कुठल्या!

मला एकदाही विचारलं नाही, "ग्वेनी, येतेस?" मी आले नसते, पण विचारायचं तरी.

रविवार, १२ एप्रिल

नवा निळा कोट घालून चर्चला गेले. सहलीसाठी घेतलाय. पाद्र्यांच्या बायकोनं हात लावून पाहिला, बेकरीवाल्या मुलीनंसुद्धा "वा!" म्हटलं. विल्मा शेजारी तासभर बसली, एक अक्षर नाही. पूर्वी माझ्या ब्लाउजचं बटण बदललं तरी तिला कळायचं.

माझं तिच्याकडे लक्ष असतं, तिचं माझ्याकडे राहिलेलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, या वयात. पण खरं आहे ते आहे.

मंगळवार, १४ एप्रिल

निघालो. लोरेटा चालवत होती, विल्मा तिच्या शेजारी, मी मागे. उशा आणि खाऊच्या टोपलीसोबत.

टोपलीत माझ्या झाडाची नासपती होती, विल्माच्या आवडीची. कॅस्टरटनच्या पुढे राज्याची सीमा जवळ आल्यावर लोरेटा म्हणाली, "फळं टाकावी लागतील हं, पलीकडे नेली तर दंड होतो." जसं काही मला माहीतच नाही! मी काय आज पहिल्यांदा साउथ ऑस्ट्रेलियात चाललेय? मी म्हटलं, "टाकायची नाहीत. थांबव गाडी, खाऊन संपवू."

फळं टाकायच्या डब्याशेजारी उभ्या राहून तिघींनी नासपती खाल्ली. रस कोपरापर्यंत ओघळला. मागून येणारा ट्रकवाला ओरडला, "आज्यांनो, मला एक ठेवा!" विल्मानं त्याच्या दिशेनं हवेत एक भिरकावली, ती चार हात लांब पडली. आम्ही पोट धरधरून हसलो. तेवढा वेळ मी लोरेटाला विसरले होते.

मग विल्मानं शेवटच्या फळाचा अर्धा भाग तिला दिला.

सीमेपलीकडे वेळ अर्धा तास मागे जाते. दोघींचे फोन आपोआप बदलतात. माझं घड्याळ मी कधीच बदलत नाही. चार दिवसांसाठी अर्ध्या तासाचे काटे कोण फिरवत बसणार? मनातल्या मनात वजा करते.

गुरुवार, १६ एप्रिल

काल समुद्रकिनारा, आज मळे. द्राक्षं बहुतेक खुडून झालीत, पानं पिवळी पडायला लागलीत. माझं कशात लक्ष नाही.

आमच्या मोटेलमध्ये खोल्या दोन. एकीत दोन पलंग, एकीत एक. मला वाटलं होतं, विल्मा आणि मी. विल्मा म्हणाली, "तुला झोप लागत नाही ना गं कुणी घोरलं की, तू एकटी नीज." कधी बोलले होते मी असं? वीस वर्षांपूर्वी, आणि तेही तिच्या नवऱ्याबद्दल!

आज दुपारी एका मळ्यात वाइन चाखताना विल्मानं मला ओतून द्यायला बाटली घेतली आणि निम्मी टेबलावर सांडली. मी म्हटलं, "काय गं, चढली का?" लोरेटानं झटकन रुमाल टाकला आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागली. दोघींनी एकमेकींकडे वळून हसल्यासारखं केलं. मी तिथे असून नसल्यासारखी.

उद्याच्या जेवणावर माझं सगळं अवलंबून आहे. जागा मी शोधली, पैसे माझे. उद्या विल्मानं माझ्याकडे बघून नावं ठेवली पाहिजेत. माझ्याकडे, तिच्याकडे नाही. नाहीतर परत जाऊन मी तिला सांगणार आहे की बाई, तुला नवी मैत्रीण मिळाली, तू सुखात राहा.

शुक्रवार, १७ एप्रिल, दुपार

मळ्याच्या बांधावर बसून लिहितेय. डायरी पर्समध्ये होती म्हणून बरं, नाहीतर कुणाचं तरी डोकं फोडलं असतं.

सकाळी मी केस सेट करायला गावात गेले. त्यांना सांगितलं, मी तिथूनच चालत येते, तुम्ही बाराला या. घड्याळात पावणेबारा झाले तशी निघाले आणि बरोबर बाराला दारात हजर. दारातली मुलगी म्हणाली, "लवकर आलात! पण तुमच्या मैत्रिणी आत आहेत." भिंतीवर पाहिलं तर साडेअकरा. अर्धा तास वजा करायचा राहून गेला होता.

पण मी चुकून लवकर आले. त्या का आल्या होत्या?

बाटल्यांच्या मांडणीमागून मी पाहिलं. कोपऱ्यातलं आमचं टेबल. लोरेटानं विल्माचा हात हातात धरला होता! आधी तो पाण्याच्या ग्लासावर ठेवला, मग वाइनच्या, मग ब्रेडच्या ताटलीवर, लहान मुलांशी खेळतात तसा. आणि मेन्यू वाचून दाखवत होती. विल्मा मागोमाग तेच बोलत होती. वाढपी मुलगा बाजूला उभा राहून कौतुकानं मान डोलावत होता.

मग विल्मा म्हणाली, मी माझ्या कानांनी ऐकलं, "ग्वेनीला कळता कामा नये. पुन्हा एकदा सांग, ती यायच्या आत."

म्हणजे जेवण यांनी ठरवूनसुद्धा टाकलं. माझ्या शाउटचं जेवण, माझ्या जागेत, माझ्या पाठीमागे. हातात हात घालून. मी काय नुसती बिल भरायला आले?

बाराला मी आत जाणार आहे. रडले नाही असा चेहरा करून. आणि मेन्यू विल्मालाच मोठ्यानं वाचायला लावणार आहे, बघू कशी नाटकं करते ते. आपलं आधीच ठरलंय हे तिच्याच तोंडून बाहेर काढते.

त्याच दिवशी, संध्याकाळ

जमेल तसं लिहिते.

मी गेले. कोट दारातल्या खुंटीला लावला आणि टेबलाशी पोचले. विल्मा म्हणाली, "आलीस? अगं, काय खुलतोय तुला तो निळा कोट!"

मी पांढऱ्या ब्लाउजमध्ये उभी होते. मला वाटलं, ही माझी टिंगल करतेय. रागानं कान तापले. बसल्या बसल्या टेबलावरचं एक कार्ड उचललं आणि तिच्या हातात कोंबलं. "आज वाढदिवस तुझा. मेन्यू तू वाच. मोठ्यानं."

"मी?" विल्मा म्हणाली.

"का? वाचता येत नाही का?"

हे माझे शब्द. मीच बोलले.

लोरेटा काहीतरी म्हणणार होती, पण विल्मानं कार्ड सरळ धरलं, नेहमीच्या अंतरावर, मान थोडी मागे घेतली आणि वाचायला लागली. "निखाऱ्यावर भाजलेला मरे नदीचा मासा, लिंबाच्या लोण्यात. खारट झुडपांवर चरलेल्या कोकराचा खांदा. भोपळा... भोपळा आणि..." थांबली. "आणि भाजलेले अक्रोड. क्वाँडाँगचं टार्ट." मग मला म्हणाली, "भोपळ्यासाठी इतक्या लांब यायचं? काय गं तुझी निवड!"

माझं लक्ष तिच्या अंगठ्याकडे गेलं. अंगठ्याच्या वर बोटभर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'रेड वाइन'. खाली शिराझ, ग्रेनाश, एकेका मळ्याचं नाव. मी तिला वाइनचं कार्ड दिलं होतं. त्यात मासा नव्हता, कोकरू नव्हतं, भोपळा नव्हता.

ती माझ्याकडे बघत होती. म्हणजे माझ्या बाजूला, माझ्या कानाच्या थोडं पलीकडे.

लोरेटानं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की मला कळलं. लाल चष्म्यामागे तिचे डोळे भरून आले होते, आणि तिनं अगदी हळूच नकारार्थी मान हलवली.

पण विल्मा वाट बघत होती. तिनं नाव ठेवलं होतं आणि आता माझी पाळी होती. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "भोपळा नको तर नको खाऊस. चाळीस गड्यांना उकडलेलं मटण वाढणारीला काय कळणार भोपळ्याची चव!"

तिचा चेहरा असा फुलला! "उकडलेलं? माझं मटण खाऊन माणसं देवाचं नाव घ्यायची!"

मग आम्ही भांडलो. मासा आला तेव्हा, "हा वाढलाय की नमुना दाखवलाय?" मी म्हटलं, "तुला परात लागते खायला." कोकराला तिनं काहीच नाव ठेवलं नाही, तेव्हा मीच ठेवलं, आणि तिनं कोकराची बाजू घेतली. तिची सुरी ताटावरून घसरत होती. माझा हात दोनदा पुढे गेला, दोनदा मी तो मांडीखाली दाबला. चारपर्यंत बसलो. इतकं चांगलं जेवण माझ्या आयुष्यात झालं नसेल, आणि कशाची चव कशी होती ते मला सांगता येणार नाही.

हात धुवायच्या जागी लोरेटा माझ्यामागे आली. मी विचारलं, "किती दिसतं?"

"एका डोळ्यानं काही नाही. दुसऱ्यानं कडेकडेचं थोडं. बॅलरॅटला डोळ्यात इंजेक्शनं घेते, पण आता उपयोग होत नाही. जूनमध्ये तिची मुलगी तिला पर्थला राहायला घेऊन जाणार आहे."

पर्थ. पार देशाच्या दुसऱ्या टोकाला.

"मला का नाही सांगितलं?"

"शपथ घातली होती तिनं मला. म्हणाली, एक जेवण ग्वेनीबरोबर नेहमीसारखं होऊ दे. तिला कळलं तर ती भांडणार नाही, माझं मांस कापून द्यायला लागेल." मग लोरेटा रडायलाच लागली. "सॉरी ग्वेन. तू माझ्याकडे कशी बघायचीस ते मला दिसत होतं. पण मी काय करणार होते?"

मी तिला कागदी रुमाल दिला. पाठीवर हातही ठेवला, थोडा वेळ.

आता एकटी आहे तर खरं लिहिते. मला जास्त कशानं लागलं? विल्माचे डोळे गेल्यानं, की ते लोरेटाला आधी कळल्यानं? देवा, मला क्षमा कर. दुसऱ्यानं.

शनिवार, १८ एप्रिल

परतीचा प्रवास. आज मला पुढे बसायला सांगितलं, विल्माला मागे पाय पसरून पडायचं होतं.

तिला झोप लागली असं वाटलं तेव्हा लोरेटा आणि मी हळू आवाजात बोललो. जूनपर्यंत काय काय करायचं, तिच्या घरचं सामान कोण बांधणार, पर्थचं विमान किती तासांचं. लोरेटा म्हणाली, "आपण दोघी सप्टेंबरमध्ये जाऊ तिच्याकडे." मी म्हटलं, "जाऊ." तिनं कसलासा विनोद केला आणि मला हसू आलं. बाई तशी वाईट नाही. जोरात चालवते तेवढं सोडलं तर.

मागून आवाज आला. "कसली एवढी कुजबुज चाललीय?"

"काही नाही गं," मी म्हटलं.

"काही नाही म्हणे. सकाळपासून ऐकतेय. दोघींची भारीच गट्टी जमली की एका रात्रीत!"

तो सूर मी ओळखला. गेलं वर्षभर माझ्याच घशात अडकला होता तो. विल्मा जळत होती! माझ्यावरून जळत होती. आत कुठेतरी इतकं बरं वाटलं की खिडकीबाहेर बघावं लागलं. आणि मग पुढचे शंभर किलोमीटर तिनं तोंड उघडलं नाही. मी बिस्किट पुढे केलं तर म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीला दे."

किंग्स्टनला पेट्रोलसाठी थांबलो. लोरेटा टाकी भरून पैसे द्यायला आत गेली. काचेचं दार तिच्यामागे बंद झालं, तशी विल्मानं माझ्या सीटच्या पाठीवर थाप मारली.

"ग्वेनी, मागे ये. लवकर. ती यायच्या आत."

मी उतरून मागे गेले, तिच्या शेजारी बसले. तिनं माझा हात शोधला. आधी बाही लागली, मग मनगट, मग बोटं. घट्ट धरली.

"तुला एक सांगायचंय. माझं... म्हणजे रडायचं नाही हं. आणि मांस कापून द्यायचं नाही."

"बरं."

"आणि हे बघ, हे अजून कुणालाच माहीत नाही. तिलासुद्धा नाही." तिनं पेट्रोल पंपाच्या बाजूला हनुवटी उडवली. "सगळ्यात आधी तुलाच सांगतेय."

मी म्हटलं, "मला नाही तर कुणाला सांगणार तू? बोल."